मामा राहिला नाही, मामीनं मंगलाष्टकं लिहायची का?

पत्र थोडक्यात असं. बडोद्याच्या एक ताई, वय ५७, गुजराती शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर. दांडिया बाजारकडच्या एका भजनी मंडळात दर गुरुवारी जातात, म्हणजे जायच्या. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवायचं काम मंडळात त्यांच्याकडेच असायचं, शिवाय कुणाकडे बारसं असलं की पाळणा, डोहाळजेवण असलं की गाणं, लग्न असलं की मंगलाष्टकं, सगळं ह्यांनीच लिहायचं. यजमानांच्या किडन्या गेल्या, तीन वर्षं डायलिसिस चाललं. त्या काळात ताईंनी दत्ताची करुणा भाकणारं एक पद लिहिलं आणि मंडळ ते दर गुरुवारी म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून एक ओळ सुचलेली नाही. आता नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा गुजराती आहे, पटेलांचा. साखरपुड्यात भाची पाया पडली तेव्हा ताईंच्या तोंडून आशीर्वादाचा शब्द फुटला नाही, आणि तरी आठवड्याभरात तिचाच फोन, मामी मंगलाष्टकं तूच लिहायची, अर्धी मराठी अर्धी गुजराती. त्यात नणंदेच्या सासूबाई 'शुभकार्यात त्यांना कशाला' असं म्हणाल्याचं कानावर आलंय. ताई विचारतात, माझ्या गाण्यानं ह्यांना वाचवलं नाही, विश्वास उडालाय, अशा बाईने आशीर्वाद लिहायचा म्हणजे ढोंग नाही का? आणि जुन्या वह्या नर्मदेत सोडून एकदाची मोकळी होऊ का?

ताई,

वह्यांचं आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात अर्जंट असं तेवढंच आहे. सोडू नका. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या काही त्यांनी मोकळं व्हायला टाकल्या नव्हत्या, त्यांना बुडवायला लावल्या होत्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या असं आपण ऐकत आलोय, पण लोकांना अभंग पाठ होते म्हणून गाथा टिकली असंही म्हणणारे आहेत. तुमचे पाळणे कुणाला पाठ आहेत? ज्या बाळांसाठी लिहिले ती आता कॉलेजात असतील आणि त्यांच्या आयांना पहिलं कडवं आठवत असेल फार तर. तेव्हा वह्या बघवत नसतील तर पिशवीत बांधून मंडळातल्या एखाद्या विश्वासाच्या मैत्रिणीकडे द्या, वर्षभर मागायच्या नाहीत असं ठरवून. त्याआधी भाचीला म्हणा, पानापानाचे फोटो काढून ठेव. वर्षाने हव्या तर परत आणा. नर्मदेत आपण लोक आधीच पुरेसं सोडतो.

आता गाण्याचं. तुम्ही पत्रात ओघात एक गोष्ट लिहून गेलायत आणि तिच्याकडे तुमचंच लक्ष नाहीये. यजमान मशीनवर चार-चार तास असायचे तेव्हा मंडळाचं ते रेकॉर्डिंग मोबाईलवर लावायला सांगायचे आणि शेजारच्या बेडवरचे काका 'फरी वगाडो ने' म्हणायचे. तुम्ही ह्यावर पूर्णविराम देऊन पुढे 'माझं गाणं फुकट गेलं' असं लिहिलंय. मला हा हिशोबच कळला नाही. ज्यांनी डायलिसिस जवळून बघितलंय त्यांना माहीत असतं की ते चार तास कसे जातात, सुया लावलेला हात हलवायचा नाही, एसीची थंडी, टीव्हीवर भलतंच काहीतरी चालू, आणि घरी आल्यावर त्या दिवशी माणूस कशाच्याच कामाचा राहत नाही. तशा चार तासांत एक माणूस 'ते लाव' म्हणतो आणि दुसरा अनोळखी माणूस 'परत लाव' म्हणतो. किडनी बरी करायची जबाबदारी तुम्ही त्या पदावर नंतर टाकलीत, ते गेल्यावर. लिहिताना टाकली होतीत का, हे आठवून बघा.

तुम्ही मागितलं आणि मिळालं नाही, हे मात्र तसंच आहे. त्याला मी 'देवाची इच्छा' असं लेबल लावणार नाही, मंडळातल्या कुणी लावलं असेल तर तुम्हाला राग येणं अगदी बरोबर आहे. फक्त एवढंच म्हणते की हा राग घेऊन देवघरात जायची आपल्याकडे मनाई नाही. तुकोबा विठ्ठलाशी किती भांडलेत! दुष्काळात घरची माणसं गेली, धंदा बुडाला, आणि त्या माणसाने देवाला निष्ठुर म्हटलंय, कर्जबुडव्यासारखं दारात उभं करून जाब विचारलाय, आणि ते सगळं आपण टाळ वाजवत गातो. तुम्ही तर दत्त संप्रदायातल्या, तुम्हाला करुणात्रिपदी मी काय सांगायची. टेंबे स्वामींनी ती १९०५ साली नृसिंहवाडीला रचली आणि तिच्यात स्वामी दत्तालाच शांत हो म्हणून विनवतायत. म्हणजे तिथे देवाचा राग गृहीतच धरलाय आणि भक्त समजूत घालतोय. एवढं सगळं ज्या परंपरेत चालतं तिथे तुमचा अबोला बसत नाही असं तुम्हाला का वाटावं?

म्हणून माझं पहिलं सांगणं, मंगलाष्टकाकडे आत्ता वळूच नका. आधी तक्रार लिहा. कुणाला दाखवायची नाही, मंडळात म्हणायची नाही. गद्यात लिहायला बसलात तर चार ओळीत रडू येईल आणि वही बंद होईल, म्हणून सरळ अभंगात लिहा, अभंगाचं बरं असतं, अक्षरं मोजायची असतात त्यामुळे अर्धं डोकं मोजण्यात गुंततं. तुम्हाला माहीतच आहे पण इतरही वाचतायत म्हणून सांगते, मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळवायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. आत्ता बसल्या बसल्या जुळवलेला हा नमुना:

तुझ्या दारी आले
मागायला काही
दिलेस तू नाही
सांग आता

झालं एक कडवं. कविता म्हणून सामान्यच आहे पण खोटं एक अक्षर नाही त्यात. असे दोन लिहा, दहा लिहा, शिव्या घालाव्याशा वाटल्या तर घाला. शेवटच्या कडव्यात 'जनी म्हणे', 'नामा म्हणे' तसं स्वतःचं नाव घालायचं, हे मात्र विसरू नका, कारण तक्रार कुणाची आहे ते अर्जावर यायला हवं ना.

आता ढोंगाचं. तुम्ही असं धरून चाललाय की आशीर्वाद द्यायचा तर देणाऱ्याच्या गाठीशी काहीतरी शिल्लक हवं. सुख हवं, सौभाग्य हवं, निदान श्रद्धा तरी. मला हे पटत नाही. पसायदान घ्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची म्हणजे इ.स. १२९० ची, लिहिणारा मुलगा विशीतसुद्धा नाही, आईवडील गेलेले, भावंडांना गावाने वाळीत टाकलेलं, मुंजीसाठी दारोदार फिरवलेलं. त्या मुलाने ग्रंथ संपवताना काय मागितलं तर दुष्टांचा दुष्टपणा जावो आणि ज्याला जे हवं ते त्याला मिळो. मागितलं, फक्त मागितलं. त्याच्या खिशात होतं आणि त्याने वाटलं अशातला भाग नाही. तुम्ही भाचीसाठी मागू शकता की नाही, एवढाच प्रश्न आहे. देव ऐकतो का ह्याचं उत्तर लग्नाच्या तारखेआधी मिळायची शक्यता कमी आहे, आणि मंगलाष्टकात ते विचारतही नाहीत. ही मुलगी सुखात राहावी असं तुम्हाला मनापासून वाटतं ना? पत्रावरून तर फार वाटतं असं दिसतंय. मग त्यात ढोंग कुठून आलं.

आणि एक गोष्ट तुम्ही बघितली नाही असं मला वाटतं. तुमचे यजमान त्या मुलीचे मामा. आपल्यात नवरीला बोहल्यावर घेऊन येतो तो मामा, अंतरपाट धरलेला असताना तिच्या मागे उभा राहतो तो मामा. ती जागा ह्या लग्नात रिकामी आहे, चुलत-मावस कुणीतरी मामा उभा करतीलच, पण घरात सगळ्यांच्या मनात ते असणार आणि कुणी तोंडाने काढत नसणार. अशा वेळी पोरगी मामीला फोन करून म्हणते तूच लिही. साखरपुड्यात तुम्ही काही बोलला नाहीत हे तिने बघितलं होतं, तरी म्हणते. ह्या पोरीला तुमच्या वृत्त-यमकाशी काही देणंघेणं नसावं बहुतेक, तिला लग्नात मामा कुठून तरी हवाय.

नणंदेच्या सासूबाईंचं काय करायचं. खरं सांगू, मला त्यावर लिहायचाही कंटाळा येतो. सयाजीरावांनी ह्याच बडोद्यात १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, मुलींच्या शिक्षणावर राज्याचा पैसा घातला, आणि आपण अजून विधवेने हळदीकुंकवाला यायचं का आणि मंगलाष्टक म्हणायचं का ह्यावर फोनाफोनी करतोय. पण तुम्ही तरी कानावर आलेल्या गोष्टीवर दुखावून घेऊ नका. त्या नक्की काय म्हणाल्या हे तुम्हाला तिसऱ्याकडून कळलंय. नणंदेला सरळ फोन लावा, 'वन्सं, मी लिहिलं आणि मी म्हटलं तर तुम्हाला अडचण आहे का' असं विचारा, आडून नाही. त्यांचाही भाऊ गेलाय, हे लक्षात ठेवून विचारा. बहुतेक त्या म्हणतील काहीतरीच काय वहिनी. आणि अडचण आहे म्हणाल्या तरी निर्णय घ्यायला सोपं, निदान धुकं नको.

मग पर्याय काय काय उरतात. सरळ नाही म्हणायचं, हाही एक आहे आणि तो लाजिरवाणा नाही. दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, 'बाळा ह्या वेळी जमत नाहीये, तुझ्या बाळाच्या पाळण्याच्या वेळी बघू' असं मामी म्हणू शकते आणि भाची समजू शकते. दुसरं म्हणजे लिहायचं पण म्हणायचं दुसऱ्याने. मला विचाराल तर हे सगळ्यात फावण्यासारखं आहे, मंडळातल्या दोघीजणी माईकवर, तुम्ही खाली अक्षता घेऊन. तिसरं, स्वतः म्हणायचं. आवाज फुटेल ही भीती असेल तर शेजारी एकीला हातात दुसरी कॉपी देऊन उभं करा, तुमचा सूर अडला की तिने उचलायचा, हे आधी दोनदा घरी करून बघा. फुटला आवाज तरी काही बिघडत नाही म्हणा, मंगलाष्टकांना निम्मा मांडव डोळे पुसतच असतो. मात्र दुसरं की तिसरं हे स्वतःला गावंसं वाटतंय का ह्यावरून ठरवा, सासूबाईंवरून नको. त्यांना दाखवून द्यायला गाणं हेही त्यांच्यावरूनच ठरवणं झालं.

लिहायचं ठरलं तर थोडं कामाचं बोलू, कारण दोन वर्षांनी हात बसलेला नसेल, आणि असे कितीतरी मामा-काका-आत्या असतात ज्यांना ऐन वेळी 'लिही काहीतरी' म्हणतात आणि ते कुठूनतरी फॉरवर्ड आलेलं उचलून नावं बदलतात. मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यानंतर श्वास. मसजसततग हे त्याचे गण पाठ करायची गरज नाही. सगळ्यांना येते ती नद्यांची ओळ घ्या, 'गंगा सिंधु सरस्वती च यमुना गोदावरी नर्मदा', मोठ्याने चालीवर म्हणा, टाळी द्या, आणि तुमची ओळ तिच्या खाली लिहून त्याच टाळीवर म्हणून बघा. जिथे जीभ अडखळेल तिथे लघु-गुरू चुकलाय. उदाहरणार्थ

आजीच्या पदरातलीच ममता लाभो नव्या अंगणी

बसते ना? बस इतकंच. आणि शब्द घरातले ठेवा. रुक्मिणी-कृष्ण, लक्ष्मी-नारायण ही जोडी भटजींच्या मंगलाष्टकांत येऊन गेलेलीच असते, तुमच्या दोन कडव्यांत त्या मुलीचं काहीतरी येऊ दे, ती लहानपणी सूरसागरच्या काठावर कशाला रडायची, मामाच्या स्कूटरवर पुढे उभी राहून कुठे कुठे जायची, असलं. दोघांच्या नावांची कोडी घालून यमकं करू नका, तो प्रकार आता फार झालाय. मामाचं नाव घ्यायचं की नाही हा प्रश्न तुम्हाला पडेल. मी असती तर घेतलं असतं, पण रडवण्यासाठी नाही, एका ओळीत, चालता चालता, आणि शक्यतो सासरच्यांकडे तोंड करून:

मामाने जपली तशीच जपणे लाडे तुम्ही लेक ही

हवी तर घ्या, नको तर फेका, तुमची ह्याहून चांगली होईल.

गुजरातीचं टेन्शन तुम्ही उगाच घेतलंय. त्यांच्याकडेही मंगलाष्टकं ह्याच वृत्तात म्हणतात, चाल तीच, कुर्यात् सदा मंगलम् तेच, त्यामुळे मराठी कडव्यातून गुजरातीत जाताना पेटीवाल्याला काही करायचंच नाहीये. 'माझं गुजराती शाळेतलं आहे, काव्याचं नाही' असं तुम्ही लिहिलंय. गोध्र्याला मराठी घरात जन्मलेल्या रंग अवधूत महाराजांनी दत्तबावनी गुजरातीत लिहिली, १९३५ साली, बावन्न ओळी, आणि आज महाराष्ट्रातल्या दत्तभक्तांकडे ती मूळ गुजरातीतच म्हणतात, अर्थ कळो न कळो. त्यांचे गुरू टेंबे स्वामी मराठी-संस्कृतवाले, समाधी गरुडेश्वरला, शिष्य नारेश्वरला, दोन्ही नर्मदेच्या काठी, बडोद्याहून सकाळी निघून रात्री घरी यावं इतक्या अंतरावर. आपल्या भागात भक्तीला दोन भाषा कधीच जड गेलेल्या नाहीत. शिवाय आयुष्यभर ज्या भाषेत मुलांना शिकवलंत तिच्यात दोन कडवी येणार नाहीत? एकच करा, लिहून झालं की व्याहींकडच्या एखाद्या 'बा'ला, म्हणजे वडीलधाऱ्या बाईला, वाचून दाखवा, आपलं गुजराती बोलण्यात ठीक असतं पण लिंगं गडबडतात, आणि हसायचं ते त्यांना मांडवात हसू देण्यापेक्षा घरी हसू दे. त्या निमित्ताने ओळखही होईल.

मंडळाबद्दल. लिहायचं नसेल तेव्हासुद्धा गुरुवारी जा, हे माझं त्यातल्या त्यात आग्रहाचं सांगणं. मागे बसा, टाळ घ्या, दुसऱ्यांची पदं म्हणा किंवा नुसता टाळ वाजवा. प्रमुख बाईंना आधीच सांगून ठेवा की नवीन पद कधी असं सहा महिने कुणी विचारायचं नाही, आणि तुमचं ते करुणेचं पद तुम्ही असताना घ्यायचं नाही. लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि मग ते प्रेमाने नेमकं तेच पद सुरू करतात. ज्यांचं कुणी गेलंय आणि भजन-अभंग-प्रार्थना सगळंच तोंडात कडू झालंय अशा बाकीच्या वाचकांनाही मी हेच सांगेन, स्वतःचे शब्द येत नसतील तेव्हा दुसऱ्याचे म्हणत राहावेत, ते सातशे वर्षं त्यासाठीच पाठ करून ठेवलेत लोकांनी.

आणखी एक, हे गाण्याच्या बाहेरचं आहे. रात्री तीनला जाग येते आणि मग सकाळपर्यंत पडून राहते, एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा म्हणून चहा-खाऱ्यावर भागवते, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षं हे चालू असेल तर ते नुसतं दुःख आहे असं समजून सोडून देऊ नका, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांनी पुढे कुणाकडे पाठवलं तर जा. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत. अभंग लिहिण्याने बरं वाटतं पण तो झोपेचा इलाज नाही, आणि ते ओझंही त्याच्यावर नको.

तर ह्या आठवड्यात फक्त नणंदेला फोन आणि वह्यांचे फोटो. तक्रारीचा अभंग जमेल तेव्हा. मंगलाष्टकं झालीच तर दोनच लिहा, एक मराठी एक गुजराती, जास्त नको. आणि भटजींना चार दिवस आधी फोन करून सांगून ठेवा की घरची दोन आहेत, कुठल्या नंबरला घ्यायची तेही विचारा, नाहीतर मुहूर्त जवळ आला की ते कुणाकडे न बघता 'तदेव लग्नं' सुरू करतात आणि कागद हातातच राहतो.